पोळ्याच्या काही दिवस आधी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ओढ्यावरून घमेलंभर माती आणायची, सकाळी पोरांना घेऊन बैल करायचे आणि दुपारी पाटावर मांडून पूजा करायची, ही आमच्याकडे बऱ्याच घरांतली रीत. हे बैल पूजेच्या वेळी ओलेच असतात. नैवेद्य दाखवेपर्यंत एखाद्याचं शिंग गळून पडतं, दुसऱ्या दिवशी पोटाला भेग जाते, तिसऱ्या दिवशी पोरगं बैल उचलायला जातं आणि हातात नुसतं वशिंड येतं. मग रडारड. मोठी माणसं म्हणतात, ‘मातीचाच व्हता, जाऊ दे.’ मला ते कधी पटलं नाही. पाच वर्षांच्या पोराने तासभर मांडी घालून केलेली वस्तू मोडली, तर तो मातीचा दोष नसतो, आपल्या घाईचा असतो. काही दिवस आधी सुरुवात केली तर तोच बैल पुढच्या पोळ्यापर्यंत देवळीत उभा राहतो. ते कसं जमतं, हे इथे सावकाश सांगते.

केज तालुक्यातलं आमचं नांदूरघाट बालाघाटाच्या रांगेत. चढाला मुरमाड, हलकी जमीन आणि ओढ्याच्या कडेने काळी. पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला. २०२४ साली तो २ सप्टेंबरला होता, २०२५ साली २२ ऑगस्टला. तोवर पाऊस होऊन गेलेला असतो, माती मऊ असते, शेतातली कामं जरा ओसरलेली असतात. आणि आमच्या भागात या सणाला आणखी एक मोल आहे. बीड जिल्ह्यातली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या परिसरात, कोपीत, म्हणजे झोपडीत. पोरं काही सोबत जातात, काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. संक्रांतीला आणि होळीला अनेक पोरांचे आईबाप समोर नसतात. पोळ्याला असतात. एरवी कोयता धरणारे हात आणि पाटी धरणारे हात एका परातीत एकाच चिखलात बुडालेत, असा दिवस वर्षात फार वेळा येत नाही. म्हणून हा बैल घाईत उरकू नये असं मला मनापासून वाटतं.

आधी माती. बैलाचं निम्मं काम इथेच होतं.

आपली काळी माती चिकट असते, हवा तसा आकार घेते, पण वाळताना फाटते. कारण ती ज्या बारीक कणांची बनलेली आहे ते कण पापडासारखे पातळ असतात, एकावर एक रचलेले. पाणी मिळालं की ते या पापडांच्या मधे शिरतं आणि माती फुगते. पाणी गेलं की पापड जवळ येतात आणि माती आक्रसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, झिजून झालेली ही माती. कापसाला आणि ज्वारीला ओल धरून ठेवते तो तिचा गुण, आणि बैलाचं पोट फोडते तो त्याच गुणाचा दुसरा परिणाम. बैल वाळताना वरची कातडी आधी सुकते आणि आवळते, आतला गोळा मात्र अजून ओला आणि फुगलेला. आवळणारी कातडी न आवळणाऱ्या पोटावर ताणली जाते आणि फाटते. पोरांना हे समजावताना मी लहान झालेला सदरा सांगते: जेवून फुगलेल्या पोटावर आटलेला सदरा घातला तर काय होईल? ‘गुंड्या तुटत्याल,’ म्हणतात. तेच.

उलट चढावरची मुरमाड माती आक्रसत नाही, पण तिला चिकटाच नाही. पाय ओढायला गेलं की तुटून हातात येतो. मला जमलेला मार्ग मधला आहे. ओढ्याच्या वळणावर पाणी ओसरल्यावर जो मऊ गाळ बसतो तो घ्यावा, किंवा विहिरीचा गाळ काढलेला असेल तर तो. जुन्या माळवदाच्या घराची पडझड झाली असेल तर तिथली पांढरी मातीही चांगली; पूर्वीच्या लोकांनी ती छतावर घालायला निवडून आणलेली असते. गोठ्याजवळची, उकिरड्याची, रस्त्याकडेची आणि नुकतीच फवारणी झालेल्या रानातली माती पोरांच्या हातात देऊ नये. आणलेली माती दोन दिवस अंगणात पसरून कडक वाळू द्यावी, मग बडवून पिठाच्या जुन्या चाळणीने चाळावी. ओली माती चाळता येत नाही, आणि न चाळलेल्या मातीतला एखादा खडा नेमका बैलाच्या गुडघ्यात येतो.

माती जमेल की नाही, याच्या दोन परीक्षा आहेत आणि दोन्ही पोरांनी करायच्या. चिमूटभर माती भिजवून पेन्सिलीएवढी वळी करायची आणि बोटाभोवती गुंडाळायची. वळी तुटली तर चिकट माती कमी, थोडी काळी मिसळा. न तुटता गुंडाळली गेली तर दुसरी परीक्षा: हातभर लांब नको, वीतभर पट्टी थापायची, तिच्यावर काडीने दहा सेंटीमीटर अंतरावर दोन रेघा ओढायच्या आणि सावलीत वाळू द्यायची. वाळल्यावर मोजपट्टी लावून मोजायचं. अंतर साडेनऊच्या आसपास राहिलं तर माती बैलाला लायक. नऊच्या खाली गेलं तर वाळू वाढवायला हवी. शाळेत पट्टी हातात असलेल्या पोराला हे मोजणं फार आवडतं. माती ‘लहान होते’ हे त्याने स्वतः पाहिलेलं असतं, कुणी सांगितलेलं नसतं.

आता मिसळण. माझं माप असं: चाळलेली माती चार वाट्या, बारीक वाळू एक वाटी, आणि गव्हाचा बारीक भुसा किंवा वाळलेलं, चुरून चाळलेलं शेण अर्धी वाटी. वाळूचा कण पाण्याने फुगत नाही की आटत नाही, त्यामुळे सगळा गोळाच कमी आक्रसतो. भुशाची किंवा शेणातली काडी भेगेच्या आडवी येते. भेग सुरू झाली तरी पुढे पळत नाही. घराच्या भिंती लिंपताना गिलाव्यात भुसा घालतात ते याचसाठी, आणि कुंभार मातीत लीद किंवा राख घालतो तेही. तीनचार वर्षांची पोरं असतील तर शेण घालू नका, भुसाच बरा. शेणातून आणि मातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जाऊ शकतात, म्हणून ज्याच्या हाताला चिरलेलं आहे त्याला त्या दिवशी रंगाचं काम द्यावं. माती तोंडात घालणारं पोर असेल तर त्याला कणकेचा गोळा द्यावा आणि ते नेहमीच माती खात असेल तर अंगणवाडीत किंवा दवाखान्यात दाखवावं. अंगात रक्त कमी असलं की काही पोरं माती खातात. काम झाल्यावर साबणाने, नखांत घासून हात धुणं हा या खेळाचा शेवटचा डाव समजावा.

पाणी एकदम ओतू नये. परातीत मिसळण घेऊन मधे खड्डा करायचा, भाकरीचं पीठ मळतो तसं थोडं थोडं पाणी घालत मळायचं, पण भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट ठेवायचं. हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालं. मळून झालं की गोळा दगडावर पंधरावीस वेळा आपटायचा. पोरांना याच्यासारखं सुख नाही, आणि कामही होतं: आत अडकलेली हवा निघते. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून रात्रभर ठेवायचा. पाणी प्रत्येक कणापर्यंत पोचायला वेळ लागतो. सकाळी तोच गोळा हातात घ्या, आदल्या रात्रीचा आणि हा, दोन वेगळे पदार्थ वाटतात. दोन रात्री ठेवला तर अजून चांगला.

बैल घडवताना सगळे करतात ती चूक अशी की धड वेगळं, चार पाय वेगळे, मान वेगळी आणि मग सगळं चिकटवायचं. जेवढे सांधे तेवढ्या तुटायच्या जागा. त्यापेक्षा एकाच गोळ्यातून बैल ओढून काढावा. पोराच्या दोन मुठींएवढी माती घ्या आणि पाटावर लाटून रताळ्यासारखी वळी करा, पुढचं टोक मागच्यापेक्षा जरा लांब आणि जाड. दोन्ही हातांत ताणून धरलेल्या दोऱ्याने मागच्या टोकाला मधोमध उभी चीर द्या, दोन बोटं खोल. झाले मागचे दोन पाय. पुढच्या टोकाला चीर खालच्या निम्म्या भागालाच द्यायची, म्हणजे वरचा भाग मानेला आणि तोंडाला उरतो. आता पाय खाली वाकवा, बोटाने गोल करा आणि बैल पाटावर उभा करा. वरचा भाग पुढे ओढून मान, टोकाला चिमटून तोंड. मानेच्या मागे दोन अंगठ्यांनी माती वर रेटली की वशिंड उठतं. आमच्याकडची गाय-बैलं वशिंडाची, म्हणून वशिंड उठलं की त्या क्षणाला पोरांना तो ‘बैल’ दिसतो. तोवर ते कुत्रं असतं नाहीतर बकरी. हे मी दरवर्षी पाहते. तोंडातल्या तोंडात पुटपुटत बसलेलं पोर वशिंड उठताक्षणी मोठ्याने ओरडतं.

शेपूट वेगळी लोंबती ठेवू नका, मागच्या पायाला चिकटवून टाका. कान चिमटून काढायचे. शिंगं मात्र वेगळी करावी लागतात. त्यासाठी शिंगाचं बूड आणि डोक्यावरची जागा दोन्ही काडीने खरवडायच्या, वर पातळ चिखलाचं बोट लावायचं, मग दाबून बसवायचं आणि सांध्यावरची माती दोन्हीकडून पुसून एक करायची. नुसतं चिकटवलेलं शिंग वाळल्यावर हमखास पडतं, कारण डोकं आणि शिंग आपापल्या परीने आक्रसतात. मजबुतीसाठी शिंगात खराट्याची काडी घालण्याचा मोह होतो. घालू नका. माती आटते, काडी आटत नाही, आणि शिंग काडीवरच उकलतं.

‘मावशे, माझा बैल बसायलाय!’ ही हाक हमखास येते. पोट जड आणि पाय लांब असले की ओल्या मातीला भार पेलत नाही. पाय पोराच्या अंगठ्याएवढे जाड आणि जेवढे जाड त्याच्या दुपटीहून लांब नकोत. पोटाखाली कागदात गुंडाळलेला मातीचाच गोळा टेकू म्हणून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी काढावा. तीन वर्षांच्या पोराला उभा बैल जमतच नाही. त्याला बसलेला करू द्यावा, महादेवासमोरच्या नंदीसारखा. एक गोळा, त्याला वशिंड, पुढे तोंड, दोन शिंगं. पाय आतच आहेत असं तो स्वतःच सांगतो.

डोळ्यांसाठी काडीच्या टोकाने खळगा पुरे. चार-पाच वर्षांच्या पुढची पोरं तुरीचे दाणे दाबतात, ते शोभतात. लहानांना दाणे नकोत, नाकात-कानात घालतात. आणि गुंजा तर कुणालाच नकोत. लाल अंगावर काळा ठिपका असल्यामुळे डोळे म्हणून त्या फार देखण्या दिसतात, पण गुंजेच्या बीत जहाल विष असतं. फुटलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं.

एकदा एका चार वर्षांच्या पोराने बैलाला पाच पाय केले होते. मी त्याच्याशी बोलत बोलत पाचवा पाय हलकेच दाबून टाकला, पाठ सरळ केली, शिंगं सारखी केली. चांगला दिसायला लागला बैल. पोराने तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि माझ्यापुढे ठेवून म्हणाला, ‘ह्यो तुझाय.’ मग दुसरा गोळा मागून घेतला. त्या नव्या बैलालाही पाच पाय. पाचवा म्हणजे खाली लोंबलेली शेपूट होती, हे मला त्याने तेव्हा सांगितलं. तेव्हापासून पोराच्या बैलाला मी हात लावत नाही. माझा स्वतःचा बैल शेजारी करत बसते; ज्याला हवं तो बघतो.

बघण्यासारखं दारात असेल तर फारच उत्तम. ज्यांच्या गोठ्यात जनावर आहे त्यांच्याकडे पोरांना न्यावं आणि एकच प्रश्न द्यावा: शिंगं कुठून निघतात, कानाच्या पुढून की मागून? मराठवाड्याच्या दोन नावाजलेल्या जाती आहेत. एक लाल कंधारी, सगळी तांबूस. दुसरी देवणी, जिच्यात पूर्ण पांढरा तो बालंक्या, पांढऱ्या अंगाचा पण काळसर तोंडाचा तो वानेरा आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा तो शेवरा. ही नावं पोरांना एकदा सांगितली की रंगकामाच्या दिवशी ती आपसूक तोंडी येतात. ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले, कितीतरी घरांत दावण रिकामी आहे. त्या घरांतली पोरं मातीचा बैल करताना ज्या जनावराला कधी हात लावला नाही त्याचा आकार शोधत असतात. त्यांना जरा जास्त वेळ द्यावा.

मातीचा बैल करण्याची ही चाल एकट्या मराठवाड्याची नाही. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर असतो, तेव्हा कुंभारांकडून मातीचे बैल आणून पुजतात. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, पोरं लाकडाचे बैल दोरीने ओढत घरोघर नेतात. सीमेपलीकडे उत्तर कर्नाटकात तर एका अमावास्येचं नावच ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ आहे, म्हणजे मातीच्या बैलांची अमावास्या. आणि मागे जायचं तर पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली त्यांना मातीची झाकणाची पेटी सापडली. तिच्यासोबत डोकं नसलेली एक स्त्रीमूर्ती आणि मातीचा बैल. मूर्तीच्या पोटात आणि बैलाच्या पाठीवर भोक होतं, काडी घातली की देवी बैलावर बसायची. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ज्वारी-बाजरीच्या या मुलखात कुणीतरी मातीच्या बैलाला भोक पाडून काडी बसवत होतं. ही युक्ती मी उचलली आहे. मोठी पोरं आपल्या बैलाच्या पाठीवर ओलेपणीच काडीने भोक पाडून ठेवतात, काडी काढून घेतात आणि वाळल्यावर तिथे कागदाची झेंडी नाहीतर मातीचा गडी बसवतात.

बैल झाला की तो उन्हात ठेवायची घाई होते. इथेच पुन्हा बैल जातात. पहिल्या रात्री वरून ओलसर फडकं झाकावं, म्हणजे आतली आणि बाहेरची ओल सारखी होते. मग सावलीत, वारा थेट लागणार नाही अशा ठिकाणी, परातीत राखेचा किंवा वाळूचा थर देऊन त्यावर ठेवावा. आटताना पाय जरासे आत सरकतात. खाली राख असेल तर सरकू शकतात, पाटाला चिकटलेले असतील तर घोट्यात तुटतात. दिवसातून एकदा दिशा बदलावी. श्रावणातल्या दमट हवेत चार दिवस लागतात, कधी पाच. वाळला की नाही हे बघायची खूण आजीने शिकवलेली: बैल गालाला लावायचा. गार लागला तर आत ओल आहे. ओल उडून जाताना उष्णता घेऊन जाते, माठातलं पाणी गार होतं तसंच. रांगेने उभी राहून पोरं आपापला बैल गालाला लावतात आणि ‘गारंय’ नाहीतर ‘झाला’ असा निकाल देतात. बारीकशी भेग दिसलीच तर ओलं बोट फिरवून पातळ चिखल भरावा, जाड चिखल थापू नये.

कुणी चुलीत भाजायला सांगेल. नको. माती कायमची पक्की होते ती पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे, सावकाश चढवलेल्या तावात. ते कुंभाराच्या भट्टीचं काम. चुलीत बाहेरून वाळलेल्या बैलाच्या पोटातल्या ओलीची वाफ होते आणि बैल फुटतो, तुकडा डोळ्यात जायची भीती.

रंगाचं काम पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीच्या संध्याकाळी करावं. ज्यांच्याकडे बैल आहेत ते त्या वेळी हळद-तुपाने बैलांचे खांदे चोळत असतात, आवतण देत असतात. इकडे पोरं आपल्या बैलांचे खांदे बोटाने चोळतात. मातीच्या बैलाला बाजारचा रंग लागत नाही. गेरू पाण्यात कालवला की लाल कंधारी तयार. पांढऱ्यासाठी खडूचा चुरा, काळ्यासाठी तव्यामागची काजळी किंवा कोळसा, पिवळ्यासाठी हळद. रंग बोटाला निघू नये म्हणून बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजवून त्यातच रंग कालवायचा. पाणी कमी वापरा. ओथंबलेला ब्रश फिरवला तर वाळलेली माती पुन्हा मऊ होऊन रंगासकट निघते. हिंगूळ आणि शेंदूर खऱ्या बैलांच्या शिंगांना लावतात, पोरांच्या हाती मात्र देऊ नये. खऱ्या हिंगुळात पारा असतो, खऱ्या शेंदरात शिसं.

लाल हवाच असेल तर त्याची गंमत पोरांसमोर करावी. हळदीच्या पिवळ्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. पिवळं पाणी तांबडं होतं. हळदीतला रंग आंबट वस्तूत पिवळा राहतो आणि सोडा, चुना, साबण यांच्या संगतीत लालसर होतो. घरी हळदीला चुना लावून कुंकू करत ते याच धर्मावर. चुना डोळ्यांना वाईट, म्हणून सोडा. वरून लिंबू पिळलं की पुन्हा पिवळं. हळदीने रंगवलेल्या बैलावर सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने ठिपके दिले तर लाल ठिपके उठतात, आणि पोर काडी आधी पाण्याकडे, मग बैलाकडे, मग परत पाण्याकडे बघत राहतं.

गोंड्यांसाठी पांढरा सुती दोरा घ्या. कांद्याची मूठभर सुकी टरफलं आणि तुरटीचा खडा पाण्यात टाकून दोरा अर्धा तास उकळला की सोनेरी-तपकिरी होतो. ग्रीसमध्ये आणि युरोपच्या पूर्वेकडच्या देशांत ईस्टरच्या सणाला घरोघर अंडी रंगवतात, तीही अनेक ठिकाणी याच कांद्याच्या टरफलांनी. तिथली पोरं अंड्याला पान बांधून उकळतात, म्हणजे पानाची नक्षी पांढरी उठते. उकळण्याचं काम मोठ्यांनी करायचं. रंगलेला दोरा पोराच्या तीन बोटांभोवती वीस वेढे गुंडाळायचा, मधे गाठ मारायची, कडा कापायच्या: झाला गोंडा. झुलीला चिंधी, बाशिंगाला चहाच्या पुड्याचा आतला चमकता कागद. वेसण आणि कासरा दोऱ्याचाच. घुंगरमाळ म्हणून काहीजणी मण्यांची माळ घालतात, ती पूजेपुरती. लहान पोरांच्या हातात सुटे मणी नकोत.

सहा-सात वर्षांच्या पोरांना बैलावर थांबवत नाही, त्यांना गाडी हवी असते. त्यासाठी कडब्यातले ज्वारीचे जाड धांडे काढून ठेवा. वरची साल मोठ्या माणसाने सोलायची, तिची धार बोट कापते. सालीच्या काड्या कडक आणि आतला गाभा मऊ. काडी गाभ्यात खुपसली की घट्ट बसते, खिळा नको की डिंक नको. दोन लांब धांडे, मधे आडव्या काड्या, पुढे निमुळती दांडी, तिच्यावर आडवं जू. चाकं मातीची थापायची, बैलांसोबतच, मधे आसापेक्षा जरा मोठं भोक ठेवून. माती आटते तसं भोकही लहान होतं, हे विसरलं की चाक फिरतच नाही. माझी पहिली सगळी चाकं अशी वाया गेली. ऊसतोडीच्या घरांतली पोरं या गाडीला काड्यांच्या मोळ्या बांधतात, दोरा मारून भरतात, आणि किती उंच भरायची याचा त्यांचा अंदाज चुकत नाही.

पोळ्याच्या दिवशी पाटावर गहू पसरून त्यावर बैल मांडतात. हळदकुंकू, पुरणपोळी. तीच पिठोरी अमावास्या, लेकरांसाठी आयांनी करायच्या व्रताची. आमच्याकडे आम्ही एक पथ्य पाळतो: सगळ्यांचे बैल एकाच पाटावर, आणि सर्वांत लहान पोराचा बैल पुढे, मानाचा म्हणून.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने एक बैल ठेवायचा, बाकीचे पाण्यात द्यायचे. ओढ्यात नाही, बादलीत, म्हणजे बघता येतं. त्याआधी गोंडे, झूल, मणी काढून घ्यायचे. कडक वाळलेला बैल पाण्यात सोडला की आधी बुडबुडे येतात, कणांमधली हवा पाणी ढकलून बाहेर काढतं. मग कातडी पापुद्र्यांनी सुटते, शिंगं जातात, पाय जातात, वशिंड बराच वेळ राहतं. पाच-दहा मिनिटांत तळाला मऊ गाळ. भाजलेल्या पणतीचा तुकडा शेजारी टाकला तर तो तसाच पडून राहतो. हे पाहताना एकही पोर रडत नाही, कारण या वेळी तेच सोडतं आणि तेच बघतं.

देवळीत ठेवलेल्या बैलाला पावसाची झड लागणार नाही एवढं पाहावं. दिवाळीच्या सुमारास घरं बंद होतात तेव्हा काही पोरं आपला बैल आजीपाशी ठेवून जातात, एखादं चिंध्यांत गुंडाळून सोबत नेतं. बादलीतला गाळ दोन दिवस तसाच ठेवून वरचं पाणी ओतावं, गाळ जुन्या पातळावर पसरून वाळवावा आणि पत्र्याच्या डब्यात भरून ठेवावा. पुढच्या वर्षी नवी माती आणली तरी तिच्यात ही जुनी मिसळायची. एकदा भिजून, मळून, वाळून गेलेली माती दुसऱ्यांदा लवकर ऐकते, पाय ओढताना तुटत नाही. आमच्या डब्यात आता किती पोळ्यांची माती आहे ते सांगता येत नाही. डबा चुलीमागच्या कोपऱ्यात असतो, आणि श्रावण लागला की कुणीतरी पोर येऊन त्याचं झाकण काढून बघतं.